लिंबाने चरबी वितळते का? संत्री-मोसंबीतली द्रव्ये, उंदरांवरचे प्रयोग आणि आपले शरीर

"सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घ्या, पोटावरची चरबी वितळते." हे वाक्य ज्या घरात पोहोचले नाही असे घर आता शोधून सापडणार नाही. व्हॉट्सॲपवर ते येते, जिममधला ट्रेनर सांगतो, बचत गटाच्या बैठकीत एखादी ताई दुसरीला सांगते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे 'सिट्रस एक्स्ट्रॅक्ट'च्या गोळ्या, 'फॅट बर्नर'ची पावडर आणि ती विकणारा ओळखीतलाच कुणीतरी. वस्तीत काम करताना मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. कारण उत्तर नुसते 'हो' नाही आणि नुसते 'नाही' असेही नाही. लिंबूवर्गीय फळांमध्ये अशी द्रव्ये खरोखर आहेत की जी चरबीच्या चयापचयावर परिणाम करतात. पण ती कुणाच्या शरीरात, किती मात्रेत आणि कशा प्रकारे काम करतात, हे जाहिरातवाला सांगत नाही.

सुरुवात त्या 'वितळण्या'पासून करू. तेलकट भांडे लिंबाने घासले की चिकटपणा जातो, हे आपण रोज पाहतो. त्यावरून पोटात गेलेले लिंबूही आतला चिकटपणा काढत असेल, असे मनाला पटते. पण आपल्या जठरातले आम्ल लिंबाच्या रसाइतकेच, बहुतेक वेळा त्याहून तीव्र असते. लिंबाने चरबी वितळली असती, तर जठराच्या आम्लाने ती कधीच वितळवली असती. शिवाय पोटावर दिसणारी चरबी ही जठरात नसतेच. ती कातडीखाली आणि आतड्यांभोवती, चरबीच्या पेशींमध्ये साठलेली असते. पिलेला रस तिच्यापर्यंत रस म्हणून पोहोचत नाही.

मग चरबी जाते कुठे? शरीराला ऊर्जा कमी पडली की चरबीच्या पेशी आपला साठा फोडून मेदाम्ले रक्तात सोडतात. स्नायू आणि यकृत ती उचलतात आणि पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्टीत ती जाळली जातात. शेवटी उरतात दोनच गोष्टी, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने याचा हिशोब मांडला होता. दहा किलो चरबी जळली तर त्यातली साधारण ८.४ किलो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जाते आणि १.६ किलो पाणी होते. म्हणजे चरबी घामातून गळत नाही, शौचावाटे 'साफ' होत नाही, ती मुख्यतः नाकातोंडाने बाहेर पडते. 'डिटॉक्स' विकणाऱ्या कुणालाही हा हिशोब विचारून बघा.

या भट्टीत जे रासायनिक चक्र चालते, त्याचे नावच सायट्रिक आम्ल चक्र आहे. हान्स क्रेब्ज यांनी ते १९३७ मध्ये मांडले आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबातले आम्ल. काही जाहिराती इथेच हातचलाखी करतात. चक्रात सायट्रिक आम्ल आहे, लिंबातही आहे, म्हणून लिंबाने चक्र जोरात फिरते! प्रत्यक्षात पेशी आपल्याला लागणारे सायट्रेट स्वतःच तयार करते. आणि गंमत अशी की पेशीत सायट्रेट साचले की ते नवीन चरबी तयार करण्याचा इशारा ठरते. अर्थात त्यामुळे लिंबू पिऊन कुणी जाड होत नाही. मुद्दा एवढाच की नावातल्या साम्यावरून निष्कर्ष काढायचा तर तो उलटाही निघू शकतो.

खरी द्रव्ये कोणती?

संत्रे सोलताना आतल्या बाजूला जी पांढरी, जरा कडवट साल लागते आणि जी आपण बोटाने काढून टाकतो, तिथे खरी गोष्ट सुरू होते. १८२८ मध्ये लेब्रेतों या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने याच पांढऱ्या भागातून हेस्पेरिडिन वेगळे केले. संत्री आणि मोसंबीत ते भरपूर असते. ग्रेपफ्रूट आणि पपनसाचा कडूपणा ज्यामुळे येतो ते नारिंजिन. बाहेरच्या रंगीत सालीत नोबिलेटिन आणि टँजेरेटिन असतात, तर साल पिळल्यावर डोळ्यात उडणाऱ्या तेलात लिमोनीन असते. यातले हेस्पेरिडिन, नारिंजिन, नोबिलेटिन आणि टँजेरेटिन हे 'फ्लॅव्होनॉइड' या कुटुंबातले आहेत आणि चरबीच्या संदर्भात अभ्यास झाला आहे तो मुख्यतः यांचा.

कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या वेस्टर्न विद्यापीठात मरे हफ यांच्या प्रयोगशाळेने या विषयावर बरीच वर्षे काम केले. त्यांनी असे उंदीर घेतले की ज्यांच्यात कोलेस्टेरॉल सहज वाढते, आणि त्यांना चरबीयुक्त खाद्य दिले. उंदीर लठ्ठ झाले, यकृतात चरबी साठली, इन्सुलिनचे काम बिघडले. त्याच खाद्यात नोबिलेटिन मिसळले तेव्हा चित्र बदलले. यकृताने चरबी बनवणे कमी केले, जाळणे वाढवले, रक्तातली ट्रायग्लिसराइड उतरली, रक्तवाहिन्यांत साचणारा थर कमी झाला. २०११ मध्ये हे संशोधन 'डायबेटिस' या नियतकालिकात आले. त्याआधी २००९ मध्ये याच गटाने नारिंजिनचे भावंड असलेल्या नारिंजेनिनबद्दल असेच निष्कर्ष मांडले होते.

हे कसे घडते? पेशीत एएमपीके नावाचे एक प्रथिन असते. त्याला इंधनाचा काटा म्हणता येईल. इंधन कमी झाले की ते साठवण बंद करते आणि साठा जाळायला लावते. नोबिलेटिन हाच काटा फिरवत असेल असे बरीच वर्षे मानले जात होते. मग २०२० मध्ये त्याच प्रयोगशाळेने यकृतात हा काटाच नसलेल्या उंदरांना नोबिलेटिन दिले. परिणाम तरीही दिसला! म्हणजे रस्ता दुसराच कुठला तरी असला पाहिजे. हा भाग मला फार आवडतो. आपल्याच आधीच्या समजुतीवर प्रयोग करून ती बाजूला ठेवण्याची तयारी त्यात दिसते. गोळ्यांच्या डबीवर मात्र 'एएमपीके ॲक्टिव्हेटर' असे आजही छापलेले असते.

उंदीर आणि माणूस

आता मात्रेकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. त्या प्रयोगात उंदरांच्या खाद्यात वजनाने ०.३ टक्क्यांपर्यंत नोबिलेटिन होते. ऐकायला ते किरकोळ वाटते. पण तीस ग्रॅमचा उंदीर दिवसाला साधारण तीन ग्रॅम खातो, म्हणजे त्याच्या पोटात रोज नऊ मिलिग्रॅम गेले. उंदरावरून माणसाची मात्रा काढताना शास्त्रज्ञ किलोमागच्या मात्रेला साधारण बाराने भागतात. तसे केले तरी साठ किलोच्या माणसाला रोज दीड ग्रॅम शुद्ध नोबिलेटिन लागेल. संत्र्याच्या एक लिटर रसात ते काही मिलिग्रॅमच असते. फळे खाऊन ही मात्रा गाठायची तर काटोल-वरूडच्या बागाही पुरणार नाहीत.

दुसरी अडचण पचनाची. फळातले हेस्पेरिडिन साखरेच्या रेणूला जोडलेले असते आणि लहान आतड्यात ते तसेच शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती साखर तोडतात, तेव्हा कुठे थोडेसे आत जाते. हे जिवाणू प्रत्येकाचे वेगळे असल्याने एकाच्या रक्तात ते बऱ्यापैकी दिसते, दुसऱ्याच्या रक्तात जवळपास नाहीच. जे आत जाते, त्यालाही यकृत लगेच रूप बदलून बाहेरची वाट दाखवते.

म्हणून प्रश्न माणसांवर तपासावा लागतो, आणि तो तपासलाही गेला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोलेस्टेरॉल मध्यम प्रमाणात वाढलेल्या सुमारे दोनशे स्त्री-पुरुषांना चार आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम नारिंजिन, ८०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन किंवा नुसती बिनऔषधी कॅप्सूल दिली गेली. कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही. ग्रेपफ्रूटवरच्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. २००६ च्या एका चाचणीत बारा आठवडे जेवणाआधी अर्धे ग्रेपफ्रूट खाणाऱ्यांचे वजन सरासरी १.६ किलोने उतरले, तर तुलनेच्या गटाचे ०.३ किलोने. पण २०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी एका गटाला जेवणाआधी ग्रेपफ्रूट दिले, एकाला त्याचा रस दिला आणि एकाला नुसते पाणी दिले. सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार होता. वजन तिन्ही गटांचे सारखेच उतरले. म्हणजे जेवणाआधी पोटात काही पाणीदार गेले की माणूस जेवतो कमी. हे काम नळाचे पाणीही करते.

सकाळच्या लिंबू-पाण्याचे रहस्यही बहुधा एवढेच आहे. आधी दोन चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटे घेणारा माणूस त्याऐवजी लिंबू-पाणी पिऊ लागला, तर वजन उतरेल. श्रेय लिंबाला मिळते, काम केलेले असते बिस्किटे सोडल्याने. त्यात मोठा चमचाभर मध घातला की साठेक कॅलरी परत आत येतात, ती गोष्ट वेगळी.

हा लिंबू-मोह आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात 'हॉलिवूड डाएट' म्हणून ग्रेपफ्रूटचा आहार गाजला. वजन उतरायचेच, कारण बाकी खायलाच फारसे नसायचे. पुढे स्टॅन्ली बरोज नावाच्या माणसाने लिंबाचा रस, मेपल सिरप आणि तिखट एवढ्यावर दिवस काढण्याचा 'मास्टर क्लिन्झ' लोकप्रिय केला. ल्युकेमिया झालेल्या एका तरुणावर त्याने असेच उपचार केले आणि तो तरुण दगावला. खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८४ मध्ये न्यायालयाने खुनाची शिक्षा रद्द केली, पण परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दलची शिक्षा कायम ठेवली. तो आहार आजही नवनव्या नावांनी इंटरनेटवर फिरतो आहे.

लिंबूवर्गातले नसले तरी कोकमाचे उदाहरण इथे द्यायला हवे, कारण दुकानात ते याच फळीवर असते. कोकमाच्या जातकुळीतल्या गार्सिनिया कंबोजियापासून हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल काढतात. पेशीत चरबी तयार करणाऱ्या एका विकराला ते अडवते, हे परीक्षानळीत खरे आहे. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १३५ लोकांवरची बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात बिनऔषधी गोळीपेक्षा जास्त वजन उतरले नाही. उलट अशा गोळ्या घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी पुढे येत गेल्या. आपले सोलकढीतले आमसूल बिचारे निर्दोष आहे. प्रश्न अर्क काढून, दामटून भरलेल्या कॅप्सूलचा आहे.

कुठे सावध राहायचे

पोलीस भरती आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी हा भाग मुद्दाम लिहिते. 'फॅट कटर' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पावडरींत 'बिटर ऑरेंज' असे लिहिलेले असते. हे कडू संत्रे, आणि त्यातले द्रव्य आहे सिनेफ्रिन. अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्रा असलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांवर बंदी घातली, तेव्हा कंपन्यांनी त्याच्या जागी हे आणले. त्याची रचना शरीरातल्या ॲड्रेनलिनशी मिळतीजुळती आहे. सोबत कॅफिनही असते. छातीत धडधड होते, रक्तदाब वाढतो, आणि मुलाला वाटते 'काम करतेय'. मे महिन्याच्या उन्हात १६०० मीटर पळणाऱ्याच्या हृदयावर हा जादा भार कशासाठी घालायचा?

दुसरी सावधगिरी घरातल्या ज्येष्ठांसाठी. १९८९ मध्ये कॅनडातील डेव्हिड बेली फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातली औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली. दोष मद्याचा नव्हता, रसाचा होता. त्यातली फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्ये आतड्यातल्या एका विकराला निकामी करतात. तो विकर अनेक औषधांचा काही भाग रक्तात जाण्याआधीच तोडत असतो. तो बंद पडला की एका गोळीचा परिणाम दोन-तीन गोळ्यांएवढा होऊ शकतो. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी सिम्वास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन, रक्तदाबाची निफेडिपिन ही औषधे या यादीत आहेत. आपल्याकडे ग्रेपफ्रूट फार कुणी खात नाही, पण पपनस खातात, आणि ग्रेपफ्रूट हे पपनस व संत्र्याच्या संकरातूनच आलेले फळ आहे. ही द्रव्ये पपनसातही असतात. अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच पपनस खावे. नागपुरी संत्री आणि मोसंबीबाबत ही भीती नाही.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे लिंबू किंवा 'सिट्रस' कॅप्सूल सुरू केली म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणे. गोळी सरकारी रुग्णालयात फुकट मिळते आणि डबीला दोन-तीन हजार मोजलेले असतात. ज्याला पैसे मोजले, त्यावर माणसाचा विश्वास जास्त बसतो!

विकणारा बहुतेक वेळा डबीवरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक दाखवतो. तो परवाना अन्नपदार्थ बनवण्या-विकण्याचा असतो. चरबी कमी होते याचा तो पुरावा नाही. उलट अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. कार्यकर्त्यांनी अशा जाहिरातींचे फोटो आणि बिले जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. ओळखीतल्या विकणाऱ्यावर राग काढण्यात अर्थ नाही. बहुतेकदा त्याचेच पैसे त्यात आधी अडकलेले असतात.

पोट कुठून आले?

या सगळ्या बाजाराचा पाया एक लाज आहे. पोट सुटले म्हणजे माणूस आळशी किंवा खादाड. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने या समजाला मोठा धक्का दिला. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांच्या अभ्यासातही तेच दिसले. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू आणि अवयव लहान, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आईच्या पोटात आणि त्याआधीच्या पिढ्यांत झालेले कुपोषण शरीराला साठवायला शिकवते, अशी याज्ञिक यांची मांडणी आहे. म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा खाली, बीएमआय २५ वर, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला यात इतिहास दिसतो. ज्या समाजांना पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, जमीन, दूध आणि पाणवठा नाकारला, दुष्काळात ज्यांचा नंबर शेवटचा लागला, त्यांच्या नातवंडांना आता वडापाव, गोड चहा आणि रात्रपाळीची बैठी नोकरी मिळाली आहे. त्या शरीराला 'सकाळी लिंबू पी' असे सांगणे म्हणजे या इतिहासाची जबाबदारी एका फळावर आणि एकट्या माणसावर टाकणे आहे.

आणि आमच्या बायका लिंबू-पाणी पिऊन नाश्ता सोडतात, तेव्हा मला जास्त काळजी वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कंबर ८० च्या वर आणि हिमोग्लोबिन नऊ, असे एकाच बाईत दिसते. तिला उपास घडवून चालणार नाही. तिला भाकरी, उसळ, अंडे, परवडेल तेव्हा मासळी-मटण आणि चालायला तासभर मोकळा वेळ पाहिजे. तो तास घरातल्या इतरांनी कामे वाटून घेतल्याशिवाय मिळत नाही.

आणि इथेच लिंबाचा खरा उपयोग आहे, ज्याची जाहिरात कुणी करत नाही. पालेभाजी, डाळी, बाजरी यांतले लोह आपले शरीर फार कमी शोषते. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते शोषण एका जेवणापुरते दुप्पट-तिपटीपर्यंत वाढू शकते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. लिंबाने रक्तक्षय बरा होत नाही, त्यासाठी आशाताई देतात ती लोहाची गोळी घ्यावीच लागते. पण सकाळी रिकाम्या पोटी पिळायचे ते अर्धे लिंबू दुपारी मेथीच्या भाजीवर, मटकीच्या उसळीवर पिळावे. भाजी चुलीवरून उतरवल्यावर पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. संत्र्याचा रस काढण्यापेक्षा फोडी चोथ्यासकट, पांढऱ्या सालीसकट खाव्यात. आणि जेवणानंतर लगेचचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण लिंबाने जे लोह मिळवून दिले ते चहा अडवतो.